हिऱ्याची जाळी आणि कणाची चाल

(हीरक महोत्सवी वर्षात राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संस्थेला साठ वर्षे पूर्ण झाली की हीरक महोत्सव साजरा होतो. निमंत्रणपत्रिकेवर हिऱ्याचे चित्र येते, भाषणांतून हिऱ्याच्या तेजाची आणि काठिण्याची उपमा दिली जाते. परंतु तो हिरा आतून कसा असतो, हे पाहण्याचा प्रसंग समारंभात सहसा येत नाही. आजचे व्याख्यान त्या आतल्या बाजूविषयी आहे. आणि तिथून पुढे, अणूंच्या नियमबद्ध रचनेत एखादा सूक्ष्म कण कसा चालतो, कसा थबकतो आणि त्याच्या चालीवर ताबा कसा मिळवला जातो, याविषयी आहे.

हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. पेन्सिलीतील ग्रॅफाइटही कार्बनच. फरक आहे तो मांडणीचा. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणूला चार शेजारी असतात आणि प्रत्येक शेजारी ०.१५४ नॅनोमीटर अंतरावर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एका घन सेंटिमीटर हिऱ्यात असे सुमारे १७६ कोटी कोटी कोटी अणू बसतात, आणि एकही आपली ओळ मोडत नाही. ही मांडणी १९१३ मध्ये विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचे पुत्र विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. अणूंच्या समांतर थरांवर पडणाऱ्या लहरी विशिष्ट लांबीच्या आणि विशिष्ट कोनात असल्या, तरच जोराने परावर्तित होतात, हा त्यांचा नियम. या पितापुत्रांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा पुत्राचे वय २५ वर्षांचे होते. त्यांचा हा नियम पुढे पुन्हा भेटणार आहे.

अशा नियमबद्ध मांडणीला मराठी विज्ञान-परिभाषेत 'जालक' म्हणतात. शब्द नवा वाटला तरी वस्तू घरातली आहे. दिवाळीत अंगणात रांगोळी काढताना छिद्रांचा कागद अंथरून ठिपके टाकले जातात. सारे ठिपके समान अंतरावर, सरळ ओळींत. ते ठिपके हेच जालक. फक्त निसर्गाची रांगोळी जमिनीवर पसरलेली नसते. ती वर, खाली आणि सर्व बाजूंना भरलेली असते.

आता प्रश्न असा की, या ठिपक्यांच्या दाटीतून एखादा इलेक्ट्रॉन कसा जात असेल?

जर्मन शास्त्रज्ञ पॉल ड्रूड यांनी १९०० मध्ये याचे सरळ उत्तर दिले होते. धातूतील इलेक्ट्रॉन हे जणू लहान गोळे. ते अणूंवर आदळत, धडपडत पुढे जातात आणि त्या धडकांमुळे विजेला विरोध होतो. हे चित्र डोळ्यांपुढे चटकन उभे राहते. पण प्रयोगांचे आकडे त्याच्याशी जुळेनात. साध्या तांब्याच्या तारेत, घरातल्या तापमानाला, इलेक्ट्रॉन दोन धडकांच्या दरम्यान सुमारे ४० नॅनोमीटर जातो. तांब्यातील दोन शेजारी अणूंमधले अंतर जेमतेम पाव नॅनोमीटर. म्हणजे इलेक्ट्रॉन दीडशे अणूंच्या दाटीतून कोणालाही धक्का न लावता निघून जातो. तार अतिशय शुद्ध असली आणि अतिशय थंड केली, तर हे अंतर आणखी कितीतरी वाढते. खचाखच भरलेल्या जत्रेतून एखाद्याने खांद्याला खांदा न लागता आरपार जावे, तसे हे आश्चर्य.

हे कोडे सोडवले एका बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने. त्याचे नाव फेलिक्स ब्लॉख. जन्म १९०५ मध्ये झुरिक येथे. जर्मनीतील लायप्झिग विद्यापीठात तो वेर्नर हायझेनबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट करीत होता, आणि गुरूंचे स्वतःचे वय तेव्हा होते अवघे २६. वर्ष होते १९२८. ज्या वर्षाच्या २८ फेब्रुवारीमुळे आजचा विज्ञान दिन साजरा होतो, तेच हे वर्ष. कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन प्रकाशाच्या विकिरणाचा नवा प्रकार पाहत होते आणि लायप्झिगमध्ये ब्लॉख इलेक्ट्रॉनची वाट शोधत होता.

ब्लॉखने एकच गोष्ट मनावर घेतली: इलेक्ट्रॉन हा गोळा नाही, तो तरंगही आहे. तरंग अणूंच्या ओळीत शिरला की प्रत्येक अणूपासून त्याचा थोडा अंश विखुरतो. अणू अस्ताव्यस्त असते, तर हे विखुरलेले अंश एकमेकांना छेदत गोंधळ माजला असता. परंतु अणू समान अंतरावर असल्यामुळे सारे अंश पुढच्या दिशेने एकमेकांत मिळून जातात. भजनात पन्नास जणांच्या हाती टाळ असतात. सगळे एका ठेक्यात वाजले तर एकच नाद घुमतो, प्रत्येकाने आपापल्या मनाने वाजवले तर नुसता कलकलाट होतो. जालकात ठेका एक असतो. म्हणून तरंग न अडखळता पुढे जातो. अडथळा अणूंच्या अस्तित्वाने येत नाही. तो येतो नियम मोडल्याने, म्हणजे अणूंच्या उष्णतेमुळे होणाऱ्या थरथरीने आणि मध्येच घुसलेल्या परक्या अणूंमुळे.

मग हिऱ्यातून वीज का वाहत नाही? त्याची जाळी तर तांब्याइतकीच नीटस. याचे उत्तर १९३१ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ ॲलन विल्सन यांनी दिले. जालकातील इलेक्ट्रॉनना वाटेल ती ऊर्जा धारण करता येत नाही. ऊर्जेचे ठरावीक पट्टे असतात आणि दोन पट्ट्यांमध्ये रिकामी फट असते. सभागृहातील प्रत्येक खुर्ची भरलेली असेल, तर कोणालाही जागा बदलता येत नाही. हिऱ्यातील खालचा पट्टा असा पूर्ण भरलेला असतो आणि वरच्या रिकाम्या सज्ज्यावर चढायला सुमारे साडेपाच इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी मोठी पायरी चढावी लागते. सिलिकॉनची रचना हिऱ्यासारखीच, पण तिथे पायरी १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची. एवढ्याशा फरकावर आजचे सारे संगणकयुग उभे आहे.

येथपर्यंत कण आपल्या स्वभावाने चालत होता. आता त्याच्यावर ताबा मिळवण्याचा विचार करावयाचा आहे. सर्वांत साधा उपाय ढकलण्याचा. चेंडूला सतत एकाच दिशेने ढकलत राहिले, तर त्याचा वेग वाढतच जातो. जालकातील इलेक्ट्रॉनला विजेच्या स्थिर क्षेत्राने असेच ढकलत राहिले, तर काय होईल?

ब्लॉखच्या समीकरणांतून निघणारे आणि १९३४ मध्ये क्लॅरेन्स झेनर यांनी स्पष्ट मांडलेले उत्तर ऐकणाऱ्याला चकित करते. ढकलल्यामुळे कणाचा वेग प्रथम वाढतो. वेग वाढतो तशी त्याच्या तरंगाची लांबी कमी होत जाते. कमी होता होता एक क्षण असा येतो की, तरंगाची अर्धी लांबी आणि जालकातील दोन ठिपक्यांमधले अंतर बरोबर जुळते. येथे ब्रॅग पितापुत्रांचा नियम पुन्हा भेटतो: लांबी जुळली की तरंग परावर्तित होतो. कण मागे फिरतो. जोर मात्र त्याला पुढेच रेटत असतो. त्यामुळे त्याची मागची चाल मंदावते, तो थांबतो, पुन्हा पुढे निघतो आणि पुन्हा मागे फिरतो. म्हणजे सतत पुढे ढकललेला कण प्रत्यक्षात पुढे जातच नाही. जागच्या जागी झोके घेत राहतो. या झोक्यांना 'ब्लॉख आंदोलने' असे नाव मिळाले.

विद्यार्थ्यांनी येथे शंका घ्यावी आणि ती रास्त आहे. असे असेल तर तांब्याच्या तारेतून वीज वाहते तरी कशी? दिव्याचे बटण दाबल्यावर इलेक्ट्रॉन झोके घेत का बसत नाहीत? त्याचे कारण झोक्याला लागणाऱ्या वेळात आहे. एका झोक्याचा काळ म्हणजे प्लँकच्या स्थिरांकाला जोर आणि ठिपक्यांमधले अंतर यांच्या गुणाकाराने भागून येणारी संख्या. साध्या स्फटिकातील अंतर पाव-अर्ध्या नॅनोमीटरचे; सेंटिमीटरमागे हजार व्होल्ट एवढे जबर क्षेत्र दिले, तरी एका झोक्याला सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा सुमारे सातवा हिस्सा लागतो. हा काळ अत्यल्प वाटेल. पण तांब्यात तेवढ्या अवधीत इलेक्ट्रॉनला हजारो धक्के बसून जातात. झोका पूर्ण होण्याआधीच मोडतो, आणि तो मोडतो म्हणूनच वीज वाहते. तारेतील अपूर्णता ही घरातल्या दिव्याची मदतनीस आहे.

मग हे झोके खरे की केवळ कागदावरचे? हा वाद पुढे अनेक दशके चालला. दरम्यान ब्लॉखच्या आयुष्यात बरेच काही घडून गेले. ते ज्यू होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्यांनी जर्मनी सोडली. पुढच्या वर्षी ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. अणुकेंद्रांच्या चुंबकीय गुणधर्मांवरील संशोधनासाठी त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज रुग्णालयांत जी एमआरआय तपासणी होते, तिचा पाया त्या संशोधनात आहे. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेचे ते पहिले महासंचालक झाले. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. विद्यार्थिदशेत त्यांनी लिहिलेल्या समीकरणांतून निघालेला तो झोका मात्र तोपर्यंत कोणीही पाहिलेला नव्हता.

तो दिसावा यासाठी एक युक्ती सुचली होती. झोक्याचा काळ कमी करायचा तर ठिपक्यांमधले अंतर वाढवावे. निसर्गाने दिलेले अंतर बदलता येत नाही. पण दोन वेगळ्या अर्धवाहकांचे पातळ थर आळीपाळीने एकावर एक चढवले, तर माणसाने घडवलेले, मोठ्या अंतराचे नवे जालक तयार होते. ही कल्पना १९७० मध्ये लिओ एसाकी आणि राफेल त्सू यांनी मांडली. पैठणीच्या काठावर एकच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा विणावी, तसे हे थर. दहा नॅनोमीटर अंतराने पुनरावृत्त होणाऱ्या अशा रचनेत झोक्याचा काळ सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्याही आत येतो. धक्का बसण्याआधी झोका पूर्ण होऊ शकतो. अखेर १९९२ मध्ये लेझरच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी अशा थरांमध्ये ब्लॉख आंदोलनांचा माग लागला. प्रबंध १९२८ चा, दर्शन १९९२ चे. मधे ६४ वर्षे गेली. या शाळेच्या आयुष्याहून अधिक.

परंतु अर्धवाहकाच्या थरांतही झोके थोडेच टिकतात. निर्दोष जाळी हवी असेल तर ती कशाची विणावी? याचे उत्तर होते: प्रकाशाची. दोन लेझर किरण समोरासमोर सोडले की त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून एक स्थिर लहर उभी राहते. तिच्यात उजेड आणि अंधार समान अंतराने येतात. हे अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्मे असते, म्हणजे स्फटिकातील अंतराच्या सुमारे हजारपट. अतिशीत अणू या उजेड-अंधाराच्या खळग्यांत जाऊन बसतात. अंड्यांच्या खोक्यात अंडी बसावीत, तसे. या जाळीत परका अणू नाही, थरथर नाही. ती वाकवता येते, तिरपी करता येते, हलवता येते आणि बटण दाबून नाहीशीही करता येते.

त्यासाठी अणू मात्र विलक्षण थंड करावे लागतात; निरपेक्ष शून्याच्या वर, एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. लेझरने अणू थंड करण्याच्या या विद्येला १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याही पुढे जाऊन १९९५ मध्ये अमेरिकेत रुबिडियमचे अणू इतके थंड केले गेले की, सारे मिळून एकच तरंग असल्यासारखे वागू लागले. या अवस्थेच्या नावात पहिला शब्द भारतीय आहे: बोस. ढाका येथील अध्यापक सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या निबंधातून ही कल्पना उगवली होती.

१९९६ मध्ये पॅरिसमधील शास्त्रज्ञांनी सिझियमच्या थंड अणूंचे ब्लॉख झोके प्रकाशाच्या जाळीत पाहिले. येथे एक झोका सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजता येण्याइतका संथ होता. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, इटलीतील फ्लॉरेन्स येथे स्ट्रॉन्शियमचे अणू उभ्या जाळीत ठेवण्यात आले. तिथे ढकलणारा जोर होता पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा. झाडावरून सुटलेले फळ खाली येते; हे अणू खाली आले नाहीत. ते दर सेकंदाला सुमारे ५७४ झोके घेत, कित्येक सेकंद, केसाच्या जाडीहूनही कमी जागेत वरखाली होत राहिले. झोके मोजले की त्या जागेचे गुरुत्वाकर्षण मोजता येते. ढकलण्याने कण वाहत नाही, तो मोजमाप सांगू लागतो.

ढकलून जे साधत नाही, ते हलवून साधते का? हा यापुढचा प्रश्न, आणि तो विचारणाऱ्यांमध्ये एक आडनाव मराठी वाचकाला मुळीच परके नाही. १९८६ मध्ये डेव्हिड डनलॅप आणि वासुदेव मंगेश केंकरे यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठातून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. जालकातील विद्युत्भारित कणावर स्थिर जोर न देता पुढे-मागे, पुढे-मागे असा आलटूनपालटून जोर दिला तर काय होईल, हे त्यांनी गणिताने तपासले. अपेक्षा अशी असते की, हलवल्याने कण सैरभैर होईल. निष्कर्ष निघाला तो वेगळा. हलवण्याचा जोर आणि हलवण्याची गती यांचे प्रमाण ठरावीक मूल्यावर आले, तर कण पसरणेच थांबवतो. प्रत्येक फेरीच्या शेवटी तो जिथून निघाला तिथेच परत येतो. त्याच्या पुढे उडी घेण्याच्या आणि मागे उडी घेण्याच्या शक्यता एका फेरीत एकमेकींना पुरत्या छेदतात. हलणाऱ्या पाळण्यात बाळ शांत व्हावे, तसे हे. पाळणा फार जोरात दिला तर बाळ दचकते, अगदी मंद दिला तर रडू थांबत नाही. आईच्या हाताला मधला ठेका ठाऊक असतो. कणाच्या बाबतीत तो ठेका गणिताने सांगितला.

तो आकडा आहे २.४०५. हलवण्याच्या जोराला ठिपक्यांमधल्या अंतराने गुणून, येणाऱ्या संख्येला हलवण्याच्या वारंवारतेशी निगडित ऊर्जेने भागले की जे प्रमाण मिळते, ते २.४०५ झाले म्हणजे कण जागीच राहतो. हा आकडा कुठून आला? जर्मन ज्योतिर्विद फ्रीड्रिख बेसेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका फलनाचे मूल्य ज्या ठिकाणी पहिल्यांदा शून्य होते, ते हे ठिकाण. विशेष म्हणजे पोवाडा गाणाऱ्या शाहिराच्या हातातील डफही याच आकड्याला ओळखतो. एकसारख्या ताणलेल्या गोल कातड्याचा मूळ स्वर ठरवताना हेच फलन आणि हाच २.४०५ समोर येतो. तबल्यावरील आणि मृदंगावरील शाईमुळे साध्या कातड्याचा बेसूरपणा कसा जातो, याचा अभ्यास स्वतः रामन यांनी केला होता. एकच गणित वाद्यातही वाजते आणि अणूंच्या जाळीतही चालते.

हे गणित प्रकाशाच्या जाळीत स्वच्छपणे उतरले ते २००७ मध्ये, इटलीतील पिसा येथे. रुबिडियमच्या अतिशीत अणूंचा पुंजका जाळीत ठेवला की तो सावकाश पसरू लागतो, कारण अणू एका खळग्यातून शेजारच्या खळग्यात भिंत न ओलांडता झिरपतात. ही पुंजयामिकीची किमया. शास्त्रज्ञांनी ती प्रकाशाची जाळीच पुढे-मागे हलवली. प्रमाण वाढवत नेले तसे पसरणे मंदावले, २.४ च्या जवळ ते जवळपास थांबले. आणखी वाढवल्यावर पुन्हा सुरू झाले. जाळीच्या भिंती उंच केल्या नव्हत्या, अणूंना कोणी बांधले नव्हते. केवळ ठेका बदलून त्यांची चाल मंद, बंद आणि पुन्हा सुरू करता आली.

ताबा मिळवण्याचे आणखीही मार्ग आहेत. नियमबद्ध जाळीत जाणूनबुजून अनियमितता पेरली, तर विखुरलेले तरंग एकमेकांना छेदून कणाला कोंडून टाकतात, असे फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये दाखवले होते. थंड अणूंमध्ये ते २००८ साली फ्रान्स आणि इटलीतील प्रयोगशाळांत प्रत्यक्ष दिसले. अणूंच्या परस्परांतील दुराव्याचा उपयोग करूनही त्यांना एकेका खळग्यात एकेकटे बसवता येते; २००२ मध्ये म्युनिकला हे करून दाखवणाऱ्यांत इमानुएल ब्लॉख होते. आडनाव तेच, व्यक्ती वेगळी. आणि डेव्हिड थाउलेस यांनी १९८३ मध्ये सुचवल्याप्रमाणे जाळीत अगदी संथ, चक्राकार बदल केले, तर प्रत्येक चक्रात कण बरोबर मोजून घरे पुढे सरकतो. रहाटाच्या प्रत्येक फेऱ्याला मोजके पाणी वर यावे, तसा. हे प्रत्यक्षात आले २०१६ मध्ये, जपानमध्ये आणि जर्मनीत.

आता पालकांच्या मनातील प्रश्न. या साऱ्याचा उपयोग काय?

उपयोग आहेत. प्रकाशाच्या जाळीत स्ट्रॉन्शियमचे अणू जागच्या जागी धरून जी घड्याळे बनवली गेली, ती विश्वाच्या आजवरच्या संपूर्ण आयुष्यात एका सेकंदानेही मागेपुढे होणार नाहीत इतकी अचूक आहेत. अणूंच्या झोक्यांवरून गुरुत्वाकर्षण मोजणारी उपकरणे घडत आहेत. ज्या पदार्थांतील इलेक्ट्रॉनांचे वर्तन मोठ्यांतल्या मोठ्या संगणकालाही सोडवता येत नाही, त्यांची प्रतिकृती प्रकाशाच्या जाळीत उभारून तिलाच उत्तर विचारता येते. भारत सरकारनेही १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्याची चार केंद्रे बंगळूर, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथे आहेत, आणि सूक्ष्म मोजमापांचे काम मुंबईच्या आय.आय.टी.कडे आहे. आज आठवी-नववीत बसलेल्या मुलामुलींना उद्या तेथे काम आहे.

परंतु उपयोगाची ही यादी १९२८ मध्ये कोणाही जवळ नव्हती. लायप्झिगच्या त्या विद्यार्थ्याला, तुझ्या प्रबंधाचा लाभ काय, असे विचारले असते, तर घड्याळ, संगणक यांपैकी एकही नाव त्याला सांगता आले नसते. त्याच्याजवळ फक्त एक नीट विचारलेला प्रश्न होता: एवढ्या दाटीतून हा कण जातो कसा? गणिताच्या तासाला हात वर करून 'पण असे का?' म्हणणाऱ्या मुलाला 'परीक्षेत हे येणार नाही' असे सांगून खाली बसवणे सोपे असते. त्या वेळी नेमके काय खाली बसवले जाते, हे पुढची साठ वर्षे कळत नाही.

दुसरा प्रश्न पालक मोठ्याने विचारत नाहीत. प्रवेशाच्या दिवशी तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. परप्रांतात राहून, मराठी माध्यमात शिकून, मूल या उंचीच्या विज्ञानापर्यंत पोहोचेल का? या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नाही. संशोधनाचे आजचे व्यवहार इंग्रजीत चालतात आणि ती भाषा मुलांना उत्तम आलीच पाहिजे. पण त्याचबरोबर एक घटना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये आपला निबंध इंग्रजीत लिहून आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला; आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवादून जर्मन नियतकालिकात छापवला. विज्ञान असे भाषांचे उंबरठे ओलांडत आले आहे. एका भाषेत पक्के समजलेले दुसऱ्या भाषेत नेता येते. कोणत्याच भाषेत न समजलेले मात्र कुठेही नेता येत नाही. आजच्या व्याख्यानात रांगोळीचे ठिपके आले, टाळांचा ठेका आला, पाळणा आला, डफ आला. ही उदाहरणे सजावटीसाठी नव्हती. मुलाच्या मनात आधीपासून असलेल्या वस्तूंवरच नवी कल्पना पाय ठेवून उभी राहते. त्या वस्तूंना ज्या भाषेत नावे आहेत, त्या भाषेत पहिला प्रश्न पडू द्यावा, एवढेच मातृभाषेतील शाळेचे मागणे आहे. गेली साठ वर्षे ही शाळा तेच मागत आली आहे.

समारोप करताना एक सावधगिरी. अणूंचे नियम माणसांना जसेच्या तसे लावू नयेत. मूल म्हणजे कण नव्हे, आणि त्याच्या चालीवर ताबा मिळवणे हे शाळेचे काम नव्हे. तरीही शिक्षकाने आणि पालकाने ब्लॉखच्या झोक्याकडे क्षणभर पाहावे. सतत एकाच दिशेने रेटल्याने कण पुढे जातोच असे नाही. तो जागीच झोके घेऊ शकतो. त्याला हवे तिथे पोहोचवणाऱ्यांनी आधी त्याची जाळी ओळखली, त्याचा ठेका ऐकला, मगच हात लावला. आणि घरातला दिवा लागतो तो तारेत थोडी अपूर्णता असते म्हणून, हेही विसरू नये.

हिऱ्याची चमक बाहेरून दिसते. ती येते आतल्या मांडणीतून. साठ वर्षांत या शाळेच्या बाकांवर ओळीने बसून गेलेली मुले आज देशात आणि देशाबाहेर विखुरली आहेत. त्यांपैकी अनेक आज या सभागृहात पुन्हा ओळीने बसली आहेत. हीरक महोत्सवाचा हिरा हाच. त्या सर्वांना आणि त्यांच्या नंतर येणाऱ्या प्रश्नकर्त्यांना मनःपूर्वक शुभेच्छा.